प्रेमराजच्या नावाचा रोट

छातीच्या डॉक्टरने दवाखाना दुसऱ्या मजल्यावर थाटावा आणि इमारतीला लिफ्ट नसावी, याला काय म्हणायचं? धुळ्यातल्या त्या इमारतीचा जिना छत्तीस पायऱ्यांचा. चार पावलांत ज्यांना दम लागतो, नेमका त्यांनीच तो चढायचा. खालचा मेडिकलवाला हसून म्हणायचा, डॉक्टरसाहेबांची निम्मी तपासणी जिन्यातच उरकते. हसेल नाही तर काय, त्याला कुठं चढायचं होतं!

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दिपमाला अठराव्या पायरीवर थांबली. थांबली म्हणजे पायच थांबले. डोळ्यांपुढे काजवे, कानांत ढोल, छातीत धडधड. तिने कठडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. तेवढ्यात वरच्या वळणावरून कोणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं –

"अठरा... अठरा एक बार... अठरा दोन बार... कोणी एकोणीस?"

तिने वर पाहिलं. वळणाच्या पायरीवर एक तरुण बसला होता. तिशीच्या आसपासचा, गालफडं बसलेली, पण डोळे मिश्कील. तोही चढता चढता दमूनच तिथं टेकला होता, हे त्याच्या निळसर ओठांवरून दिसत होतं. दिपमालाला हसू आलं. हसण्याने ठसका लागला, ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरून उठायला गेला, तर त्याला उठताच येईना. शेवटी दोघंही आपापल्या पायरीवर बसून राहिले आणि एकमेकांकडे बघत श्वास गोळा करत राहिले. प्रेमाची सुरुवात यापेक्षा देखणी झालेली मी पाहिली आहे, पण यापेक्षा खरी नाही.

"माफ करा," तो म्हणाला. "जुनी सवय... मार्केटात लिलाव पुकारायचो."

"आणि आता?"

"आता पायऱ्या पुकारतो. त्यांना... आवाज कमी लागतो."

त्याचं नाव कुंदन. साक्रीकडच्या एका खेड्यातला. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायला उभा राहिला, की म्हणे त्याचा आवाज हमरस्त्यापर्यंत जायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आणि त्याचा थोरला भाऊ प्रेमराज एकाच दिवशी दवाखान्यात भरती झाले, शेजारशेजारच्या खाटांवर. बाविसाव्या दिवशी कुंदन घरी आला. प्रेमराज आला नाही. आणि कुंदन आला तोही फुप्फुसाला जाळी पडलेला. आता चार शब्द बोलले की पाचव्यासाठी थांबावं लागे. मार्केटात तो कोपऱ्यात बसून चिठ्ठ्या लिहीत असे, आणि पुकारा दुसराच कोणी करत असे.

दिपमाला शिरपूरची, सव्वीस वर्षांची, एका खाजगी शाळेत दुसरीची बाई. तिला तर दवाखान्यातही जावं लागलं नव्हतं. सात दिवस ताप, तोंडाला चव नाही, आणि आठव्या दिवशी बरी. सगळे म्हणाले, पोरगी नशिबाची. पण त्या आठव्या दिवसानंतर ती बरी अशी झालीच नाही. दोरीवर चार कपडे वाळत घातले की छाती धडधडायची. कधी कधी दिवसच्या दिवस अंथरुणातून उठवत नसे. एकदा वर्गात सातचा पाढा म्हणता म्हणता ती सात सक्कंवर अडकली. पुढचा आकडा आठवेना, समोरची पोरं खिदळायला लागली, आणि फळ्याकडे तोंड करून ती नुसती उभी राहिली. असं तीनदा झालं, तेव्हा मुख्याध्यापकांनी गोड बोलून तिला घरी बसवलं.

बरं, दुखणं दिसावं तर तेही नाही. रक्त चांगलं, एक्स-रे चांगला, हृदयाची पट्टी चांगली. रिपोर्ट चांगले आले की घरच्यांना आनंद व्हायचा आणि तिला रडू यायचं. कोणी म्हणालं, लशीमुळे झालं. पण लस तर तिने आजारानंतर कितीतरी महिन्यांनी घेतली होती. वहिनी म्हणाली, झोपून झोपूनच माणूस आजारी पडतं. आई, सुंदरबाई, काही म्हणत नसे. पण गल्लीत तिने सांगून ठेवलं होतं, की दिपमाला धुळ्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जाते. लग्नाच्या मुलीला आजार आहे हे एकदा बाहेर पडलं, की स्थळं दारासमोरून निघून जातात. एव्हाना तो कोर्स इतका लांबला होता, की दिपमालाला आता कॉम्प्युटर बनवतासुद्धा यायला हवा होता.

हे सगळं तिने कुंदनला तिसऱ्या शुक्रवारी सांगितलं. पंधरा दिवसांनी एकदा दोघांची तपासणी असायची, आणि कसं कोण जाणे, दोघांच्या वेळा आता जुळायला लागल्या होत्या. तपासणी झाली की खालच्या टपरीवर एकेक कटिंग, आणि तिची शिरपूरची एसटी लागेपर्यंत स्टँडवरच्या बाकावर बसणं. सांगता सांगता मध्येच तिचा शब्द हरवला. साधाच शब्द होता, रोजचा, पण तोंडात येईना. घरी असं झालं की वहिनी पटकन भलताच शब्द पुढे करायची. कुंदनने काहीच केलं नाही. चहाचा कप हातात धरून तो नुसता तिच्याकडे बघत बसला.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" शब्द सापडल्यावर तिने विचारलं.

"उलट बरं वाटतं," तो म्हणाला. "तुम्ही शब्द शोधता... तेवढ्यात मी दम खातो. आपलं बरं जमतं."

ती लाजली. आजारी माणसालाही लाजता येतं, हे ती विसरूनच गेली होती.

मग उन्हाळा आला, धुळ्याचं ऊन आग ओकायला लागलं, आणि ही दोघं बाकावर सावलीची एक एक वीत वाटून घेत बसायला लागली. तिच्यासाठी तो रुमालात चारोळ्या आणायचा, ती त्याच्यासाठी घरचं लिंबाचं लोणचं. तो विचारायचा, आज छाती किती पळाली? ती म्हणायची, तुम्हाला पाहून की जिना पाहून? तो म्हणायचा, खरं सांगा, जिन्याची बरोबरी मला... परवडायची नाही. आणि हसता हसता दोघंही खोकायला लागायचे. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, यांना हसायला सुचतंच कसं. पण दोन वर्षांत तिचं दुखणं कुणीतरी पुरावा न मागता खरं मानलं होतं. भुकेल्याला भाकरी मिळावी तसं तिला ते होतं, आणि ती त्याच्या प्रेमात पडली हे मी वेगळं सांगायला नको.

आषाढ लागला आणि सुंदरबाईने जळगावचं स्थळ आणलं. मुलाचं स्वतःचं दुकान, माणसं मोजकी, मागणं काही नाही. फक्त मुलगी कामाला चपळ हवी, कारण सासूच्या गुडघ्यांना त्रास होता. श्रावणातल्या एका बुधवारी पाहायला येणार होते. आईने दिपमालाला जवळ बसवून बजावलं, की दवाखान्याचा द काढायचा नाही. एकदा अक्षता पडल्या, की पुढचं पुढे. दिपमालाने विचारलं, आणि लग्नानंतर तिथं चक्कर येऊन पडले तर? आई म्हणाली, पहिलं वर्ष रेट गं बाई, मग मूलबाळ झालं की कोण विचारतंय. हे बोलताना सुंदरबाईच्याही डोळ्यांत पाणी होतं. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती.

पुढच्या शुक्रवारी दिपमालाने कुंदनला ते सगळं सांगितलं आणि ती थांबली. आता त्याने बोलायचं होतं. तिने चारोळीचे दाणे मोजले, एसटीच्या पाट्या वाचल्या, पुन्हा दाणे मोजले. त्याच्या मांडीवर नव्या स्कॅनचा मोठा लिफाफा होता, आणि तो त्याचा कोपरा दुमडत बसला होता.

"कर तू ते लग्न," तो अखेर म्हणाला. इतके महिने अहो-जाहो करणारा माणूस, आणि पहिल्यांदा 'तू' म्हणाला ते हे सांगायला. "जाळी वाढली आहे. डॉक्टर म्हणाले... दोन वर्षं, पाच वर्षं, सांगता येत नाही."

"माझ्याबद्दल तर ते तेवढंही सांगत नाहीत."

"माझ्या घरी रूपावहिनी आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षी... रिकामं कपाळ. रोज बघतो मी. आणखी एक... माझ्या हाताने नाही करणार."

ती बोलायला गेली, आणि नेमका तेव्हाच शब्द हरवला. तो या वेळी थांबला नाही. लिफाफा काखेत मारून उठला आणि हळूहळू, दर दहा पावलांवर टेकत, साक्रीच्या गाडीकडे गेला. त्याला पळून जातासुद्धा येत नव्हतं, आणि ती बाकावर बसून तेवढा सगळा वेळ त्याची पाठ बघत राहिली.

त्यानंतर तो दवाखान्यात आला नाही. फोन उचलेना. तीन दिवस लावल्यावर चौथ्या दिवशी उचलला, तो एका बाईने. ती रूपा होती, प्रेमराजची बायको. तिने फार काही विचारलं नाही. भाऊजी तुमचं नाव घेत नाहीत, म्हणाली, पण शुक्रवारी धुळ्याच्या गाडीच्या वेळेला दारात येऊन उभे राहतात आणि गाडी गेली की आत येतात. मग म्हणाली, "रविवारी आमच्याकडे कानबाई बसणार आहे. दोन वर्षं बसवली नव्हती. दर्शनाला कुणीही येतं, त्याला बोलावणं लागत नाही."

आता कानबाई म्हणजे आपल्या खानदेशाची सगळ्यांत लाडकी आई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी येते, नारळाच्या रूपाने चौरंगावर बसते, नथ घालते, शालू नेसते. तिच्या दर्शनाला सगळा गाव येतो आणि लाह्या-फुटाण्यांचा प्रसाद घेऊन जातो. पण तिचे रोट मात्र फक्त घरच्यांचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचं पीठ, आणि त्या पिठाचा रोट. तो बाहेरच्या माणसाला देत नाहीत, गाई-गुरांना घालत नाहीत, टाकून तर मुळीच देत नाहीत. लेक लग्न होऊन गेली की माहेरचा रोट तिला बंद, ती सासरचा खाते. कुणाचा रोट खाल्ला यावरून बाई कुठल्या घरची ते ठरतं, आणि हे खानदेशातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं.

देवीच्या दर्शनाला जाते म्हटल्यावर सुंदरबाई हरखली. जळगावचं जमू दे म्हणून साकडं घाल, म्हणाली. दिपमाला मान हलवून निघाली. शिरपूर ते धुळे, धुळे ते साक्री, तिथून काळीपिवळी जीप. वरून पावसाची झड, रस्ता खड्ड्यांचा. गावात उतरली तेव्हा दुपार कलली होती आणि तिच्या पायांत बळ म्हणून उरलं नव्हतं.

दारात तिला पाहून कुंदन उठून उभा राहिला. त्याने पाण्याचा तांब्या आणून दिला. बायका ओव्या म्हणत होत्या, धूप दरवळत होता. दर्शन झालं, तसा तो तिला पडवीत घेऊन गेला आणि म्हणाला, पाच वाजता शेवटची गाडी आहे, ती चुकवू नकोस. जळगावचं स्थळ चांगलं आहे.

"त्यांना धडधाकट मुलगी हवी आहे," ती म्हणाली. "ती माझ्याकडे नाही. मला तिथं जन्मभर नाटक करावं लागेल. तुमच्याजवळ मला आजारी असता येतं. तेवढंच मागते आहे मी."

"आणि मी गेल्यावर?"

पागोळ्या गळत होत्या आणि दोघं त्यांच्याकडे बघत उभे होते. मग ती भिंत धरत खाली घसरली. रूपाने धावत येऊन तिला धरलं आणि आत, खांबाला टेकवून बसवलं. पाचची गाडी तशीच निघून गेली.

शेजारीपाजारी पांगले, भाऊबंद आपापल्या घरी गेले, आणि घरची माणसं जेवायला बसली. कुंदनचे वडील निंबाआबा, कुंदन, रूपा. दिपमाला खांबापाशीच होती. तिच्या ओंजळीत लाह्या होत्या. कुंदनची आई पुष्पाबाई टोपली घेऊन आली. एक रोट तिने आबांच्या पुढ्यात ठेवला, एक कुंदनच्या. आणि तिसऱ्याला हात घातला, तशी ती थांबली.

"हाऊ कोना?" ती स्वतःशीच म्हणाली. हा कुणाचा?

तो कुणाचा, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. गहू घेताना एक मूठ नवऱ्याच्या नावाची, एक थोरल्याच्या, एक धाकट्याच्या. इतकी वर्षं हात असाच चालत आला होता. थोरला गेला हे त्या बाईच्या जिवाला घडोघडी ठाऊक होतं, पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने टोपली खाली ठेवली आणि ती मटकन तिथंच बसली.

आबा हलक्या आवाजात म्हणाले, देवीचं आहे, टाकता यायचं नाही, थोडा थोडा सगळ्यांनी घ्या. पण घेणार कोण? आबांचा हात मांडीवरून उचलला जाईना. कुंदनने एक तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला, आणि त्याला असा खोकला आला की तुकडा टोपलीत परत ठेवावा लागला. रूपाने नुसतं रोटाकडे पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज झाला. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून प्रेमराजला परस्पर नेलं होतं, या घरातल्या कुणालाही त्याचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. ते सगळं रडणं आज त्या टोपलीभोवती येऊन बसलं होतं, आणि रडत कुणीच नव्हतं.

दिपमाला उठली. भिंत धरून तीन पावलं चालली. टोपलीशी वाकली, प्रेमराजच्या नावाच्या रोटाचा एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"दिपमाला, नको!" कुंदन ओरडला. मग आईकडे वळला. "आई, तिला कळत नाही ती काय करते आहे. ती आजारी आहे, तिलाही माझ्यासारखंच झालं आहे, पाच पायऱ्या चढवत नाहीत तिला, शेत नाही, धुणं नाही, पाणी नाही, तिच्याच्याने या घरात काहीएक होणार नाही, तिला घरी पाठव!"

एवढं लांब वाक्य एका दमात तो दोन वर्षांत बोलला नव्हता. बोलला आणि पोटात लाथ बसल्यासारखा पुढे वाकला. छाती वाजायला लागली. तिला वाचवायला त्याने होता नव्हता तो श्वास खर्चून टाकला होता, हे त्या खोलीत न कळण्याइतकं आंधळं कुणीच नव्हतं.

दिपमालाच्या तोंडात तो घास फिरत होता. जाडाभरडा, कोरडा. तिने तो कसाबसा गिळला.

"ते म्हणाले ते सगळं खरं आहे," ती पुष्पाबाईला म्हणाली. इतकी वर्षं जे झाकत आली, ते परक्या घरात तिने पहिल्यांदाच तोंडाने कबूल केलं. "मी आजारी आहे. बरी होईन की नाही, माहीत नाही. पण मी काय करते आहे, ते मला कळतं."

पुष्पाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा धापा टाकणाऱ्या लेकाकडे. आतल्या दाराची कडी निघाली होती, आणि रूपा डोळे पुसत उंबऱ्यात येऊन उभी होती. बाहेर पाऊस पडत होता. मग पुष्पाबाईने हात लांब करून कोपऱ्यातला पाट ओढला आणि कुंदनच्या शेजारी मांडला.

"उभी ऱ्हाईसन काब्र खास, माय?" ती म्हणाली. उभ्याने का खातेस, पोरी? "बस."

दिपमाला बसली. टोपलीतला रोट पुष्पाबाईने तिच्या पुढ्यात ठेवला. तिने दुसरा तुकडा मोडला, पण तो कोरडा घास तिला खाली जाईना. कुंदन अजून वाकलेलाच होता. श्वास परत यायला त्याला वेळ लागला. आला, तेव्हा त्याने आपली कढीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"ओला करून खा," तो म्हणाला. "घाई... करू नकोस. मी थांबतो."